पाहुण्याचं ताट

ही गोष्ट पुष्कळ जुनी आहे. किती जुनी म्हणाल, तर ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कोणाला सांगता येत नाही, आणि ज्या गावात घडली ते गाव नदीनं केव्हाच पोटात घेतलं. गोष्ट तेवढी मागे राहिली. लहानांनी ती नुसती ऐकावी. मोठ्यांनी, त्यातही ज्यांच्या मनात नवं घर बांधायचं चाललं आहे त्यांनी, जरा सावरून बसून ऐकावी.

त्या गावात एक विणकर राहत होता. त्याचं घर म्हणजे मातीच्या भिंतींची एकच लांबट खोली. खोलीच्या मधोमध माग. मागाखाली खड्डा असे, त्यात पाय सोडून विणकर बसे आणि आडवं सूत नेणारा धोटा या हातातून त्या हातात फेकत राही. माग मधोमध असल्यामुळे घरातलं बाकीचं सगळं त्याच्या कडेकडेनं चाले. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला पाण्याचा माठ, भिंतीशी गुंडाळलेली अंथरुणं, आणि वर तुळईला लटकवलेल्या सुताच्या लडी.

घरात विणकराची बायको होती आणि त्याची म्हातारी आई होती. आईनं सारा जन्म बारीक सूत विणण्यात घालवला होता आणि त्यातच तिची नजर गेली होती. आता तिला काही म्हणजे काही दिसत नसे. पण त्या घरात तिचं कुठे अडत नव्हतं. सकाळी उठली, की भिंतीला हात लावत ती माठापाशी जाई. तोंड धुऊन वळली, की हात मागाच्या खांबाला लागे. खांबाच्या डावीकडे खाली बसून ती सूत गुंडाळायचा रहाट पुढे ओढी आणि कांड्या भरायला घेई. धोट्यात घालायचं सूत ज्या नळीवर गुंडाळतात, ती कांडी. त्या घरातली प्रत्येक कांडी म्हातारीच्या हातची असे.

मागाच्या आवाजाकडे तिचा कान असे. आवाज जरा बदलला, की ती रहाट न थांबवता म्हणे, "उजव्या अंगाला धागा तुटलाय बघ." विणकर वाकून पाही, आणि धागा तुटलेला असे. नवखा माणूस घरी आला तर हिला दिसत नाही हे त्याच्या बराच वेळ ध्यानातही येत नसे.

एका वर्षी विणकरानं राणीसाठी शेला विणला. शेला इतका तलम झाला, की राणीनं तो अंगावरून काढलाच नाही. राजानं खूश होऊन विणकराला गावाच्या वेशीजवळची ऐसपैस मोकळी जागा दिली. घर बांधायला लागेल तेवढं लाकूड आणि दगड सरकारी कोठारातून न्यावा, असा हुकूमही दिला.

शेल्याचं नाव झालं, तसे लांबलांबचे व्यापारी विणकराच्या दाराशी येऊ लागले. त्यातला एक व्यापारी फार मोठा होता, आणि अंगानंही मोठा होता. आत शिरताना त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं. बसायला जागा शोधता शोधता तो सुताच्या गठ्ठ्यावर बसला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "एवढा नावाजलेला विणकर, आणि घरात माणसाला धड टेकायला जागा नाही."

बोलणारा बोलून गेला. सुताचे भाव ठरवून, पान खाऊन, तो आपल्या वाटेनं निघूनही गेला. विणकराच्या मनाला मात्र ते वाक्य लागलं. तो दिवसभर विणत होता आणि दिवसभर तेच ऐकत होता. संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "आता घर बांधायचं. असं बांधायचं, की आलेल्या माणसानं आधी वर बघितलं पाहिजे."

त्या मुलुखात घर बांधणारे पुष्कळ होते, पण एका गवंड्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. म्हातारा होता, कमी बोलायचा, आणि त्याची एक वेगळीच रीत होती. कोणी घर बांधायला बोलावलं, की तो मालकाला खोल्या किती आणि खांब कसे हे विचारतच नसे. तो नव्या जागेवर फक्की टाकायचा. म्हणजे मुठीतून पांढरा चुना सोडत जमिनीवर घराच्या रेषा काढायचा. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसत्या रेषा. मग मालकाला म्हणायचा, "आता सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत या रेषांत राहून दाखवा."

तेवढा एक दिवस घरातल्या सगळ्यांनी त्या उघड्या जागेवर काढायचा. स्वयंपाक तिथेच, जेवण तिथेच, भांडण झालं तर तेही तिथेच. गवंडी लांब एका दगडावर बसून पाहायचा. मधे बोलायचा नाही. संध्याकाळी उठून पायानं काही रेषा पुसायचा, काही नव्यानं काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाया खणायला घ्यायचा. कोणाचंही जुनं घर तो बघायला जात नसे. जुनं घर पाहिलं, की हात नकळत तसंच बांधतो, असं त्याचं म्हणणं.

लोक हसायचे, पण बोलवायचेही त्यालाच. एका तेल्याच्या फक्कीवर त्यानं पाहिलं, की दोघी जावा दिवसभर एकाच दारात एकमेकींना आडव्या येतात. त्यानं तिथे शेजारी शेजारी दोन दारं ठेवली आणि त्या घरातली निम्मी भांडणं मिटली. उरलेली निम्मी भावाभावांची होती, तिथे गवंड्याचा काही इलाज नव्हता.

विणकरानं याच गवंड्याला बोलावणं पाठवलं. गवंडी आला, जागा पाहिली, माती हातात घेऊन चुरली, आणि म्हणाला, "परवा सकाळी या. जे रोज लागतं ते सगळं आणा. जी माणसं घरात असतात ती सगळी आणा. आणि जसे राहता तसे राहा, एवढीच तयारी."

विणकर घरी आला आणि तयारीला लागला. पण त्याची तयारी वेगळी होती. शेजारच्या सावकाराकडून त्यानं गालिचा मागून आणला, लोड-तक्के आणले, पितळेची समई आणली. बायकोला ठेवणीतलं लुगडं काढायला सांगितलं. स्वतःसाठी पागोटं बांधून घेतलं. मग तो आईजवळ जाऊन बसला.

"आई, दोन दिवस मावशीकडे जाऊन येतेस का? तिनं किती निरोप पाठवलेत."

"आत्ता? ऐन कामात?" म्हातारीचा रहाट थांबला नाही. "आणि कांड्या कोण भरणार?"

"मागाची दोरी बदलायची आहे. दोन दिवस माग बंदच राहणार."

मागाची दोरी गेल्याच महिन्यात बदलली होती आणि ते म्हातारीला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "बरं. गाडी सांग."

बायकोला हे आवडलं नाही. म्हातारी गाडीत बसून गेल्यावर ती म्हणाली, "सगळी माणसं आणा असं गवंडीमामा म्हणाले होते ना? मग आत्याबाईंना का पाठवलंत? खरं तर पहिल्यांदा त्यांनाच न्यायला हवं होतं."

"अगं, तिला त्या पांढऱ्या रेषा दिसणार आहेत का? उघड्यावर चाचपडत फिरेल, येणारेजाणारे बघत उभे राहतील. आणि आई आपल्या घरातच राहणार, ते काय सांगायला पाहिजे?"

"आणि माग?"

"माग उपटून नेऊ म्हणतेस? विणकराच्या घरी माग असायचाच. तो मागच्या पडवीत बसवता येईल."

बायकोला पटलं नव्हतं, पण ती गप्प बसली. तिच्याकडून झालेली चूक ती हीच.

ठरल्या दिवशी दोघं वेशीजवळच्या जागेवर आली. गवंड्यानं फक्की टाकून ठेवली होती. विणकरानं पुढच्या चौकोनात गालिचा अंथरला आणि पागोटं सावरून लोडाला टेकून बसला. आयुष्यात तो असा कधी बसला नव्हता, त्यामुळे थोड्याच वेळात त्याची पाठ भरून आली. पण तो हलला नाही. रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारून त्यानं बसवून घेतलं, सरबत दिलं, शेल्याच्या गोष्टी सांगितल्या. बायको ठेवणीतल्या लुगड्यात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरत होती. त्या दिवशी दोघं एकदाही भांडली नाहीत. गवंडी दगडावर बसून सगळं पाहत होता.

दुपारी बायकोनं पानं वाढायला घेतली. सवयीचा हात, तिनं तीन ताटं मांडली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिसरं ताट उचलायला ती वाकली.

गवंडी कधी मधे बोलत नसे, पण या वेळी उठून जवळ आला आणि बोलला. "ते ताट कोणाचं, बाई?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. विणकर चटकन म्हणाला, "पाहुण्याचं. आता आमच्याकडे पाहुणा रोजचाच झाला."

गवंडी थोडा वेळ बायकोकडे बघत राहिला. ती मान खाली घालून वाढत होती. मग त्यानं मान हलवली आणि पुन्हा दगडावर जाऊन बसला.

संध्याकाळी गवंड्यानं रेषा पुसून नव्या काढल्या आणि काम सुरू झालं. म्हातारी मावशीकडून परत आली. गाव म्हटलं की गोष्ट कानावर यायचीच. ती मुलाला म्हणाली, "त्या गवंड्यानं दिवसभर राहायला लावलं म्हणे. मला नाही नेलंस?"

"तुला ऊन लागलं असतं, आई."

म्हातारीनं रहाट पुढे ओढला.

घर झालं. गावानं असं घर पाहिलं नव्हतं. उंच दगडी जोतं, पुढे लांबरुंद बैठक, बैठकीत कोरीव खांब. बैठकीला लागून पाहुण्यांसाठी हवेशीर खोली. बैठकीच्या मागे स्वयंपाकघर, त्यामागे आणखी एक दार, आणि शेवटी पडवीत माग. जुन्या घराच्या तुळया नव्या छपराला घेतल्या होत्या, त्यामुळे जुनं घर उरलंच नव्हतं.

तो मोठा व्यापारी आला, त्यानं वर बघितलं, आणि म्हणाला, "वा." विणकराला वाटलं, आपण भरून पावलो.

आता म्हातारीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्याच दिवशी आला. मागाजवळ पडवीत वारं लागत होतं. स्वयंपाकघरात चुलीचा धूर होता. बैठकीत तर व्यापारी बसणार. उरली पाहुण्यांची खोली. विणकरानं तिथे मऊ गादी घातली आणि आईला हाताला धरून नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी सवयीनं उठली आणि मागाकडे निघाली. खोलीच्या दारापर्यंत भिंत होती. पुढे बैठक लागली, आणि बैठकीत हात लावायला काहीच नव्हतं. आवाजावर जावं, तर मागाचा आवाज इतक्या भिंतींआडून ऐकू येत नव्हता. ती मोकळ्या जागेत दोन्ही हात पुढे करून चालत राहिली आणि कोरीव खांबावर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं.

विणकर धावत आला. त्याला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "आई, तू उठतेस कशाला? आता कशाची कमी आहे का? बसल्या जागी सगळं आणून देतो."

आणि तसं तो देऊ लागला. सकाळी पाणी, दुपारी ताट, संध्याकाळी दूध. बायकोनं रहाट त्या खोलीत आणून ठेवला. पण सुताच्या लडी पडवीत, रहाट पुढे, ने-आण करता करता सूत गुंतू लागलं. भरलेल्या कांड्या वेळेवर मागाशी पोचेनात. मग पडवीतच एक मजूर बाई कांड्या भरू लागली आणि रहाटही तिकडे गेला. म्हातारीला आता कामच राहिलं नाही. ती गादीवर बसे. बैठकीत व्यापारी बोलत, ते ऐके. कोणी विचारलं तर विणकर सांगे, "आमच्या आई. आता आराम करतात."

इकडे पडवीत धागे तुटत होते आणि कोणी सांगत नव्हतं. राणीसाठी नवा शेला विणला, त्यात काठाशी एक विरळ रेघ राहिली. राणीनं शेला परत पाठवला. विणकर त्या दिवशी चिडचिडा झाला, पण चूक कुठे झाली हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग एक सकाळ अशी आली, की विणकर दार उघडून पाहतो तो आई ओट्यावर बसलेली. शेजारी तिचं बोचकं. भिंत धरून धरून ती तेवढी बाहेर आली होती.

"आई, हे काय?"

"मला आता पोचव," म्हातारी म्हणाली.

"कुठे?"

"पाहुणे जातात तिकडे. माझ्या बहिणीकडे पोचव. पाहुण्यानं किती दिवस राहायचं, त्याला काही रीत असते."

विणकर आधी हसला. आई थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. म्हातारी हसली नाही.

"तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही रे," ती म्हणाली. "गादी मऊ आहे. ताट वेळेवर येतं. सूनबाई कधी वाकडा शब्द बोलत नाही. पण सकाळी उठले की कुठं जायचं, तेच मला कळत नाही. बहिणीकडे निदान शेंगा सोलायला तरी बसता येईल."

विणकर तिच्यासमोर तसाच उभा राहिला. मग तिचं बोचकं त्यानं उचलून आत ठेवलं. पण माणसाचा स्वभाव बघा, आपल्या चुकीची पहिली वाट तो दुसऱ्याच्या दारावरून काढतो. आईचे हात धरून त्यानं तिला थोपवलं, आज संध्याकाळपर्यंत थांब म्हणाला, आणि तसाच अनवाणी गवंड्याच्या गावी गेला.

गवंडी अंगणात भिंतीचा सरळपणा पाहायचा ओळंबा पुसत बसला होता.

"गवंडीमामा," विणकर म्हणाला, "तुम्ही माझं घर चुकीचं बांधलंत. माझ्या आईला त्यात चालता येत नाही."

गवंड्यानं ओळंबा खाली ठेवला. "तुझी आई?"

"आंधळी आहे. ती मागाजवळ बसते. तिच्यावाचून माझा माग चालत नाही, आणि आज ती घर सोडून निघाली आहे."

"बस," गवंडी म्हणाला. "त्या दिवशी मी काय पाहिलं ते ऐक. एक माणूस लोडाला टेकून गप्पा मारत होता. एक बाई सरबत आणत होती. आणि एक ताट पाहुण्याचं होतं. मी त्या तिघांचं घर बांधलं. ते ताट कोणाचं होतं?"

"आईचं," विणकर म्हणाला, आणि रडला.

गवंड्यानं त्याच्यापुढे पाणी ठेवलं. मग म्हणाला, "चूक माझीही आहे. ताट उचलताना तुझ्या बायकोचा चेहरा मी पाहिला होता. पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. पाहणाऱ्याचं नुसतं पाहून भागत नाही, हे शिकायचं एवढं वय होऊनही राहून गेलं." तो उठला. "चल. भिंत बांधायला वेळ लागतो, पाडायला लागत नाही. पण त्याआधी दिवस काढून दाखवायचा आहे. या वेळी खरा."

"पण आईला फक्की दिसत नाही."

"मग तिच्या हाताला लागेल असं काहीतरी तू शोध. घर तुझं आहे."

विणकर वाटेनं विचार करत आला. कापड विणण्याआधी विणकर मोकळ्या मैदानात काठ्या रोवून त्यावर लांबच लांब सूत ताणतात आणि त्याला खळ लावतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याला म्हणतात ताणा. ताणा लावणं हे तर त्याचं जन्माचं काम. त्यानं घरासमोरच्या मैदानात काठ्या रोवल्या आणि जाड सुताचे दोर कमरेच्या उंचीवर ताणले. जिथे भिंत तिथे दोर. जिथे दार तिथे मोकळी जागा. गवंड्यानं पाहिलं आणि पहिल्यांदाच तो हसला.

दुसऱ्या दिवशी नेमका बाजाराचा दिवस होता. सगळा गाव त्या वेशीतून जाणार होता. विणकरानं पागोटं घातलं नाही. त्यानं रोजचा पंचा नेसला, पडवीतला माग सुटा करून आणून मधोमध मांडला, हाताला खळ लागलेली तशीच ठेवली. बायको जुन्या लुगड्यात होती. म्हातारी दोराला हात लावून उभी होती.

"जा आई," विणकर म्हणाला. "जशी जुन्या घरात जायचीस तशी जा."

म्हातारी निघाली. हात दोरावरून सरकत होता. एके ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, "इथं माठ पाहिजे." गवंड्यानं तिथे दगड ठेवला. पुढे ती वळली आणि हात हवेत गेला. "इथं खांब होता." गवंड्यानं तिथे काठी रोवली. काठीला हात लागताच म्हातारी डावीकडे खाली बसली, आणि बसल्या बसल्या तिनं दोन्ही हातांनी समोरची जमीन चाचपली. बायकोनं रहाट पुढे सरकवला.

रस्त्यावर माणसं थांबली होती. कोणी कुजबुजत होतं, कोणी हसत होतं. दुपारी विणकरानं खळीचं भांडं नेहमीप्रमाणे वाटेत ठेवलं आणि बायकोचा पाय त्यात गेला. "रोज सांगते," ती कडाडली, "रोज सांगते, आणि रोज हे भांडं दारात." सगळ्या बाजारानं ते ऐकलं. गवंड्यानं मान हलवून दाराशेजारी एक रेघ मारली. तिथे पुढे खळीच्या भांड्यासाठी कोनाडा झाला.

इतक्यात तो मोठा व्यापारी घोड्यावरून आला. त्यानं पाहिलं, की राणीचा विणकर भर रस्त्यालगत पंचा नेसून खळीच्या हातांनी विणत बसला आहे आणि शेजारी एक आंधळी बाई चाचपडते आहे. तो घोडा थांबवून बघत राहिला.

विणकराला त्याची नजर जाणवली. अंग पुसून उठावं, निदान उपरणं तरी घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. तो अर्धवट उठलाही.

"डाव्या अंगाला धागा तुटलाय," म्हातारी रहाट न थांबवता म्हणाली.

विणकर खाली बसला आणि वाकून धागा शोधू लागला. धागा तुटलेला होता. त्यानं तो जोडला. जोडून वर पाहिलं तेव्हा व्यापारी घोड्यावरून उतरून दोराबाहेर उभा होता आणि मागावरचं कापड निरखत होता. विणकर त्याला म्हणाला, "या. बसायला मात्र सुताचा गठ्ठाच आहे." आणि व्यापारी बसला.

मग घर पुन्हा झालं. बैठकीचा दगड फोडून मागासाठी खड्डा खणला. कोरीव खांब काढून गावच्या देवळाला दिले, एकच ठेवला, तोही मागाशी, म्हातारीच्या हाताला लागेल असा. मधल्या भिंती पाडल्या. चुलीपासून माठापर्यंत आणि माठापासून मागापर्यंत एक सलग भिंत उभी केली, हात न सुटणारी. पाहुण्यांच्या खोलीत सूत ठेवायला सुरुवात झाली. पहिलं घर बघून जे वा म्हणाले होते, त्यातले काहीजण आता चुकचुकले. ते त्यांचं चालूच असतं.

गिलावा वाळल्यावर विणकरानं आईला उंबऱ्यापाशी आणलं आणि तिचा हात सोडला. गवंडी बाहेर ओट्यावर उभा होता. म्हातारीनं भिंतीला हात लावला. माठापाशी गेली, पाणी प्यायली. वळली, हात खांबाला लागला. खांबावरची नक्षी तिनं बोटांनी पाहिली आणि म्हणाली, "हा तोच, ज्यानं मला टेंगूळ दिलं." मग ती डावीकडे खाली बसली आणि हात पुढे करून टोपली शोधू लागली.

"सूत कुठं ठेवलंय?" ती म्हणाली. "दिवस किती वर आला."

विणकर गवंड्याकडे वळून हात जोडू लागला. गवंडीच म्हणाला, "झालं घर."

दुपारी त्या घरात तीन ताटं मांडली गेली. गवंडी जेवायला थांबला, म्हणून चौथं काढावं लागलं. पाहुण्याचं ताट ते होतं.

म्हणून सांगतो: घर बांधणाऱ्याला आपली हौस दाखवण्याआधी आपला रोजचा दिवस जसाच्या तसा दाखवावा, कारण तो जे पाहील तेच आपल्याला राहायला मिळेल.